रावसाहेबांचं इंग्रजी

वामनराव देवकुळ्यांना गावात कोणी वामनराव म्हणत नसे. सगळे रावसाहेब म्हणत. ही पदवी त्यांना कुठल्याच सरकारनं दिलेली नव्हती. ती त्यांनी स्वतःच घेतली होती आणि गावानं ती मुकाट्यानं वापरायला सुरुवात केली होती. माणूस स्वतःला जे म्हणवून घेतो तेच हळूहळू लोक म्हणू लागतात. त्यासाठी फक्त चेहरा निगरगट्ट असावा लागतो. रावसाहेबांचा होता.

त्यांच्या शेजारी मी पाच वर्षं काढली. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीच्या माळावर तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. कालपर्यंत जिथं ज्वारी होती तिथं आज तारेचं कुंपण दिसायचं. मी नगर जिल्ह्यातून आलेला, मॅट्रिक झालेला, पंपांच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलेला. पवनेच्या काठच्या गावात मला एक खोली मिळाली. भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत रावसाहेब आणि त्यांच्या पत्नी माई. दोन्ही घरांना मिळून एकच ओटा. त्या ओट्यावर एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही असा नियम. मी पहिल्याच दिवशी बसलो. रावसाहेब समोर येऊन उभे राहिले, काठीनं खुर्चीच्या पायावर दोनदा टकटक केलं आणि आभाळाकडे बघत राहिले. मी उठलो.

खाकी कोट, त्याला पितळी बटणं, डोक्यावर सोला हॅट, पायात जाडजूड लष्करी बूट. वैशाखात माणसं सावलीत बसूनही घामाघूम व्हायची, तेव्हा हे गृहस्थ कोट घालून नदीपर्यंत फेरी मारून यायचे. खडकीला लष्कराच्या डेपोत त्यांची अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली. तिथं ते ‘ऑफिसात’ होते, असं ते सांगत. कुठल्या ऑफिसात, कशाचं काम, हे विचारलं की म्हणत, “मिलिटरीचं असतं. सांगता येत नाही.”

ओळख झाली त्याच दिवशी त्यांनी मला पाय पुढे करून बूट दाखवले.

“जगताप, हे बूट बघा. एकोणचाळीस सालचे. स्टँड द टेस्ट ऑफ टाइम!”

मला वाटलं, बरं बोलतात की इंग्रजी. आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं, की हे गृहस्थ एवढंच बोलतात. त्यांच्याजवळ इंग्रजीचं हे एकच वाक्य होतं. भोवती यस, नो, ऑलराइट, डॅम फूल असे किरकोळ शब्द. एखाद्या घरात एकच चांदीचा पेला असावा आणि दर पाहुण्याला तोच पुढे करावा, तसं ते हे वाक्य पुढे करत. विहिरीचं बांधकाम पाहिलं की स्टँड द टेस्ट ऑफ टाइम. नवा कंदील आणला की तेच. पाटलांच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली तसे हे पुढे झाले आणि नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, “धिस मॅरेज, स्टँड द टेस्ट ऑफ टाइम!” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाचा मामा बाजूला येऊन मला विचारत होता, “भाऊ, ह्ये कलेक्टर कचेरीतले का?”

कुणी अर्थ विचारला की त्यांना फार आनंद व्हायचा. डोळे मिटून सांगायचे, “म्हणजे काळाच्या परीक्षेत पास. इंग्रजाची भाषा आहे बाबा. आपल्या भाषेत ते वजन नाही.”

कहर झाला तो गावातल्या एका म्हातारबाबांना पोचवायला गेलो तेव्हा. सरण रचून झालं होतं. कोणीतरी दोन शब्द बोलावेत म्हणून लोकांनी सवयीनं रावसाहेबांकडे पाहिलं. यांनी हॅट काढली, छातीशी धरली आणि प्रेताकडे बघून म्हणाले, “धिस मॅन, स्टँड द टेस्ट ऑफ टाइम.” म्हाताऱ्याचा थोरला मुलगा हुंदके द्यायला लागला. मी नदीकडे तोंड फिरवलं. माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला. त्यांना वाटलं मला रडू आवरत नाही.

रोज सकाळी ते ओट्यावर इंग्रजी वर्तमानपत्र वाचत. पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानदाराकडून आणत. चष्मा नाकावर, पेपर पूर्ण उघडून दोन्ही हातांत ताठ धरलेला, मधूनच “हं!” असा एक हुंकार. वाटेनं जाणारी माणसं आवाज खाली करत. एकदा सायकलला तेल घालताना माझं पेपराकडे लक्ष गेलं. पहिल्या पानावर कुठल्याशा पुलाचं छायाचित्र होतं. दुसऱ्या दिवशीही तोच पूल. आठवड्यानंही तोच.

मी म्हणालो, “रावसाहेब, हा पेपर मागच्या सोमवारचा दिसतो.”

त्यांनी पेपर खाली केला नाही. आतूनच म्हणाले, “बातमी महत्त्वाची असली की पुन्हा पुन्हा वाचावी लागते. तुमच्या टाइमकीपरच्या कामात ते येत नाही.”

दारात माई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. माई बोलतच नसत. पाच वर्षांत त्या माझ्याशी शंभर वाक्यं तरी बोलल्या असतील की नाही, मला शंका आहे. मला वाटायचं, असल्या माणसाशी संसार केल्यावर बोलण्याची इच्छा कुणाला राहील?

कारखान्यात मी रावसाहेबांच्या नकला करायचो. जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसात माणसं जमायची. मी टोपी छातीशी धरायचो, आभाळाकडे बघायचो आणि भाकरीकडे बोट करून ते वाक्य म्हणायचो. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला तो माणूस तुच्छ वाटत होता, आणि तुच्छ वाटणाऱ्या माणसाचा आपल्याला एक उपयोग असतो: त्याच्या शेजारी आपण उंच दिसतो.

आता धोंडीबाची गोष्ट सांगतो.

धोंडीबा गावातला जुना शेतकरी. एकेकाळी खाऊनपिऊन सुखी. आमच्या कारखान्याचं मोठं फाटक आणि त्यामागची भट्टीची शेड जिथं उभी राहिली ती जमीन त्याची होती. आमच्या गावातल्या दोनच घरांची जमीन तिकडे गेली. त्यातलं एक घर पुण्याला राहायला गेलं होतं. धोंडीबा मागं राहिला होता. त्याच्याकडे नदीकाठचा एक तुकडा उरला होता आणि शंकर नावाचा बावीस वर्षांचा मुलगा होता.

एके दिवशी दुपारपाळीला निघताना मी सायकल ओट्याखाली उतरवत होतो, तेव्हा धोंडीबा रावसाहेबांसमोर पायरीवर बसलेला दिसला. पोस्टानं आलेलं एक लांब पाकीट त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं. ते त्यानं पुढे केलं.

“इंग्रजीत हाय. शाळंतल्या मास्तरला न्हाई लागलं. तुमीच बघा, रावसाहेब.”

रावसाहेबांनी चष्मा पुसला, कागद उलगडला, हातभर लांब धरला. ओठ हलवले. मागची बाजू पाहिली. पुन्हा पुढची पाहिली.

“धोंडीबा, नशीबवान आहेस,” ते म्हणाले. “कंपनीच्या बड्या साहेबानं स्वतः सही करून तुझे आभार मानलेत. तुझ्या जमिनीवर जे उभं राहतंय ते स्टँड द टेस्ट ऑफ टाइम, असं लिहिलंय.”

“व्हय?” धोंडीबाचा चेहरा उजळला. “आन् आनखी काय म्हनत्यात?”

“आणखी काय पाहिजे तुला? साहेबलोक थोडक्यात लिहितात. हा कागद जपून ठेव. नातवंडांना दाखव.”

पत्र पानभर होतं. टाइप केलेलं. ते मला खालूनसुद्धा दिसत होतं. मी पायडलवर पाय ठेवला आणि हसत निघालो. पानभर पत्र त्या बहाद्दरानं एका वाक्यात संपवलं, हा किस्सा आज ऑफिसात रंगवून सांगायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तो सांगितला. खूप हशा झाला. शिफ्टला पाच मिनिटं उशीर झाला असता तर काही बिघडणार नव्हतं. मी पुढे होऊन तो कागद हातात घ्यायला हवा होता. घेतला नाही.

त्यानंतर सातेक महिन्यांनी गावची जत्रा आली. धोंडीबानं मला जेवायला बोलावलं. हात धुऊन मी त्याच्या सोप्यात आलो. भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या, आणि त्यांच्या ओळीत, खंडोबाच्या शेजारी, काचेच्या चौकटीत ते पत्र होतं. काचेवर कुंकवाचं बोट. वरून झेंडूची माळ.

“कॅम्पातल्या शिंद्याकडनं चौकट करून आनली,” धोंडीबा म्हणाला. “साह्यबाचं पत्र हाय आमाला.”

मी मान वर करून वाचायला लागलो. अर्धी ओळ माळेनं झाकली होती. मी माळ बाजूला केली.

पत्र कामगार विभागाकडून आलेलं होतं. ज्यांची जमीन कारखान्यासाठी गेली आहे, त्या प्रत्येक घरातल्या एका माणसाला कायम नोकरीवर घ्यायचं ठरलं आहे. त्यानं हे पत्र घेऊन फाटकावर हजर व्हावं. शेवटच्या तारखेपर्यंत कोणी आलं नाही तर त्या घराला नोकरी नको आहे असं समजण्यात येईल. तारीख पत्राच्या तळाशी ठळक टाइप केलेली होती. ती उलटून सहा महिने झाले होते.

“लई वेळ वाचताय,” धोंडीबा मागून हसत म्हणाला. “चांगलं लिवलंय न्हवं?”

मी हो म्हणालो.  पानावर बसलो. समोर शंकर वाढत होता. त्याच्या तळहातांना फोड आले होते. कारखान्याच्या मागच्या भिंतीचं काम चाललं होतं, तिथं कंत्राटदाराकडे तो मुरूम वाहायचा. बापाच्याच जमिनीवरून पाट्या उचलायच्या आणि बापाच्याच जमिनीवर ओतायच्या.

जेवण झाल्यावर मी त्याला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. त्यानं सोप्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, “आबाला सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी शंकरनं चौकट काच बदलायला म्हणून घरातून काढली आणि आम्ही दोघं लेबर ऑफिसरपुढे उभे राहिलो. चौकटीवर कुंकू तसंच होतं. तो गृहस्थ वाईट नव्हता. त्यानं फाइल काढली, यादी दाखवली. धोंडीबाच्या नावासमोर लाल शाईत लिहिलं होतं: हजर नाही.

“आम्ही दोन आठवडे जास्त थांबलो,” तो म्हणाला. “एक माणूस घरी पाठवायला हवा होता खरं तर. पण कामाच्या गडबडीत राहून गेलं. आता ती जागा भरली. बदलीवर घेतो. रोज सकाळी फाटकावर यायचं. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत.”

शंकरनं मान हलवली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “चल, आधी त्या माणसाकडे.”

रविवारी सकाळी आम्ही गेलो. रावसाहेब खुर्चीत बसले होते, पेपर उघडलेला. मी चौकट त्यांच्या मांडीवर ठेवली.

“हे वाचून दाखवा,” मी म्हणालो.

“एकदा दाखवलंय.”

“पुन्हा दाखवा. महत्त्वाचं पुन्हा पुन्हा वाचावं लागतं.”

त्यांनी शंकरकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं. “काचेवर उजेड चमकतोय,” म्हणाले. मी चौकट सावलीत धरली. “टाइप फिक्का आहे.” मी चौकट आणखी जवळ नेली. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, परत घातला. मग मान ताठ करून म्हणाले, “हे हलक्या प्रतीचं इंग्रजी आहे. हल्लीचे आपले लोक लिहितात ते. गोऱ्या साहेबाचं असतं तर...”

“पहिला शब्द वाचा,” मी म्हणालो. “एकच शब्द. मी जातो मग.”

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. मला वाटलं, आता हा पडेल, आता हा रडेल, आता हा माफी मागेल. मी त्याची वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर मला मजा वाटायला लागली होती.

तेवढ्यात माई बाहेर आल्या. हातात तांदूळ निवडायची ताटली तशीच होती.

“त्यांना वाचता येत नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मराठीच कशीबशी येते. डेपोत खोक्यांवर पत्र्याचे साचे ठेवून रंग मारायचे काम होतं. अठ्ठावीस वर्षं. साचा द्यायचे, हे रंग मारायचे. एकदा साहेबानं यांच्या खोक्यावर बोट घासून पाहिलं. रंग निघाला नाही. तेव्हा तो जे बोलला ते यांनी पाठ केलं.”

“आत जा,” रावसाहेब म्हणाले.

“जाते.” पण त्या गेल्या नाहीत. शंकरकडे वळून म्हणाल्या, “त्या दिवशी मी दाराआड होते, बाळ. मला ठाऊक होतं. मी बोलायला पाहिजे होतं.”

 मीही त्या दिवशी तिथंच होतो, हे माईंना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला मात्र चौकट हातात जड व्हायला लागली.

खोक्यांवर रंग मारणाऱ्या माणसाबद्दल मला कधीच तिटकारा वाटला नसता. माझा बाप गूळ वाहायचा. अठ्ठावीस वर्षं उन्हात उभं राहून लष्कराची खोकी रंगवली, असं या माणसानं सरळ सांगितलं असतं तर मी त्याला ती खुर्ची आनंदानं दिली असती. पण ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं त्यानं एका घराचं भवितव्य हातात घेतलं, आणि ‘मला येत नाही’ हे तीन शब्द तोंडातून काढायला लाज वाटली म्हणून ते मोडून टाकलं. आणि त्यानंतर रोज सकाळी चष्मा पुसून पेपर उघडत राहिला.

शंकर शांतपणे पुढे झाला. त्यानं माझ्या हातून चौकट घेतली, पंच्यात गुंडाळली.

तेव्हा रावसाहेब बोलले. मी कान टवकारले. म्हटलं, आता तरी.

“हे बाहेर कुठं बोलायचं नाही,” ते म्हणाले. “गावात माझा मान आहे.”

शंकर म्हणाला, “न्हाई बोलनार. तुमच्यासाठी न्हाई. आबानं रोज हात जोडल्यात त्या कागदाला.”

आणि तो खरंच बोलला नाही. चौकट परत खंडोबाशेजारी गेली. धोंडीबा रोज आंघोळ करून तिला हात जोडत राहिला. शंकर रोज सकाळी फाटकावर उभा राहायचा. मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून त्याला बघायचो. बदलीवाल्यांची रांग असायची; कधी नाव पुकारलं जायचं, कधी भोंगा होऊन फाटक बंद व्हायचं आणि तो मान खाली घालून परत जायचा. कायम व्हायला त्याला साडेतीन वर्षं लागली. ज्या घराला पहिल्या दिवशी नोकरी मिळायची होती त्या घराला ती सगळ्यांत शेवटी मिळाली. तो कायम झाला त्याच्या आदल्या पावसाळ्यात धोंडीबा गेला. त्याला काहीच कळलं नाही.

मी नकला करायच्या सोडल्या. लोक आग्रह करायचे. मी म्हणायचो, आता जमत नाही.

रावसाहेबांशी मी बोलणंही सोडलं. त्यांना त्याचं काही वाटलं असेल असं दिसलं नाही. हॅट तीच, काठी तीच, आवाज तर थोडा चढलेलाच. माई मात्र त्यानंतर कधीमधी माझ्या दारात वाटीभर काहीतरी ठेवून जायच्या. वाटी परत द्यायला गेलो की आतूनच म्हणायच्या, “ठेवा तिथं.”

पुढे मला दापोडीला रेल्वेलाइनजवळ दोन खोल्या मिळाल्या. सामान टांग्यात भरलं. निघताना रावसाहेबांचा निरोप घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. टांगा वळणापर्यंत गेला असेल, तोच मी सहज मागे पाहिलं. ओट्याच्या पायरीवर एक बाई उभी होती. नवीन वस्तीतली, मराठवाड्याकडून आलेली. तिचा नवरा भट्टीवर होता आणि बरेच दिवस खोकत होता. तिनं पदरातून एक कागद काढून रावसाहेबांसमोर धरला होता. रावसाहेब चष्मा पुसत होते.

मी टांगा थांबवला. उतरलो आणि जवळजवळ पळतच गेलो. रावसाहेबांनी कागद उलगडला होता, हात लांब केला होता. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. विचारलं नाही, नमस्कार केला नाही. दवाखान्याची चिठ्ठी होती. मी मोठ्यानं वाचली आणि त्या बाईला सांगितलं: “बाई, नवऱ्याला सोमवारी सकाळी घेऊन जायचं. उपाशीपोटी. छातीचा फोटो काढणार आहेत. सोमवार चुकवू नका. आणि त्याला कामावर पाठवू नका तोवर.”

बाईनं सगळं दोनदा म्हणून घेतलं. सोमवार. उपाशीपोटी. कामावर नाही.

मी वाचत असताना रावसाहेब खुर्चीत मागे रेलून, डोळे अर्धवट मिटून ऐकत होते. दर वाक्याला मान हलवत होते, वर्गात पोरगा धडा वाचतो तेव्हा मास्तर हलवतो तशी. माझं संपलं तसे त्यांनी डोळे उघडले.

“बरोबर,” ते म्हणाले. “बरोबर वाचलंत, जगताप.”

बाईनं कागद परत पदरात बांधला. मग ती वाकली आणि रावसाहेबांच्या पायांवर डोकं ठेवून उठली. त्यांनी हात वर करून तिला आशीर्वाद दिला. मी टांग्याकडे परत निघालो.